धाकूमामा आणि नऊ नंबरचा बूट

धाकूमामा माणसाचं तोंड बघत नाही, पाय बघतो. मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर चहाच्या टपरीवर आमची पहिली भेट झाली, तेव्हा मी रीतसर नमस्कार केला, कार्ड दिलं, शहापूरला माझं प्लेसमेंटचं ऑफिस आहे, कंपन्यांना माणसं पुरवतो, असं सगळं सांगितलं. त्याने कार्ड न वाचता खिशात टाकलं, बाकड्यावरून खाली वाकून माझ्या चपला निरखल्या आणि म्हणाला, "नऊ नंबर. पाय मोठा हाय रे तुजा."

आता माझे पाय मोठे आहेत हे खरं. माझी बायको सुजाता लग्न झाल्यापासून त्यावरून मला बोलतेच. पण ती घरात बोलते. इथे चार अनोळखी माणसं चहा पीत बसलेली, आणि ती चारही माणसं कप हातात धरून माझ्या पायांकडे बघायला लागली. हा माणूस आपल्याला आवडणार नाही, हे मी तिथेच ठरवून टाकलं.

मग कळलं की मुरबाड एमआयडीसीत ज्याचं नाव निघतं तो धाकूमामा हाच. त्यानंतर तर तो मला बघवेनासा झाला.

कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी त्याच्यावर जळतो. माझ्या ऑफिसात दोन कॉम्प्युटर आहेत, एसी आहे, भिंतीवर एमबीएचं सर्टिफिकेट आहे, दाराला काच आहे. धाकूमामाकडे एक बटणाचा फोन आहे आणि एक गोणी. मी उमेदवाराचा बायोडाटा बनवतो, त्याला मुलाखतीत कसं बोलायचं ते शिकवतो, निवड झाली की अभिनंदनाचा मेसेज पाठवतो. माझी माणसं तिसऱ्या दिवशी पळतात. धाकूमामा काहीच करत नाही, नुसता पाड्यापाड्यांवर हिंडतो आणि लोकांच्या घरी बसून नाचणीची भाकरी खातो. त्याची माणसं पाच-पाच वर्षं टिकतात. मला सांगा, कुणाच्या पोटात दुखणार नाही?

आमचा धंदा पूर्वी असा नव्हता. पूर्वी नोकरी म्हटलं की दाराशी रांग लागायची. आता एका बाजूला गोडाऊनवाले बोलावतात, दुसऱ्या बाजूला पार्सल वाटणारे, आणि पोरांच्या हातात फोन आहे. सकाळी हो म्हणतात, दुपारी दुसरीकडे हो म्हणतात, आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद करून तानसा तलावावर मासे धरायला जातात. कंपन्याही बदलल्या. त्यांना सगळं ऑनलाइन लागतं. मी जिला माणसं पुरवतो त्या कंपनीतल्या एचआरच्या मॅडमनी मध्यंतरी व्हिडिओवरून मुलाखती सुरू केल्या. डोळखांबच्या बाजूला एका पाड्यावरचा पोरगा रेंज मिळावी म्हणून पाण्याच्या टाकीवर चढून बसला. मॅडमनी विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? तो म्हणाला, "हितंच मॅडम. शिडी आत्याने नेली." मॅडमनी त्याला नापास केलं. धाकूमामाने त्याच पोराला दुसऱ्या कंपनीत लावलं. तो तिथे आता लाइन सांभाळतो, आणि शिडी आणून दिली म्हणून आत्याला त्याने साडी घेतली, हेही मला धाकूमामानेच सांगितलं. मुद्दाम सांगितलं, असं माझं मत आहे.

त्याची सगळी बोलणी पायांवरून असतात. मी एकदा चिडून विचारलं, "मामा, बायोडाटा तरी बघत जा." तो म्हणाला, "बायोडाटा खाली असतो रे. तोंड काय, सगल्यांचा हो बोलतो. पाय काय बोलतो ते आयकायचा." पाड्यावर गेला की तो पोराला अंगणात चालायला लावतो. टाच कशी टेकते बघतो, अंगठ्याच्या शेजारचं बोट दाबून बघतो. पोराची आई दारात उभी राहून हसते. मग तो तिला विचारतो, लावणी कधी संपते, घरात म्हशीला कोण बघतं, आणि भाताचा डबा किती वाजता तयार होईल. पगाराचं नाव काढत नाही. सोयरीक जमवायला आल्यासारखा बसतो आणि जाताना गोणीतून काळ्या सेफ्टी बुटांचा एक जोड काढून आईच्या हातात देतो.

"आय, हा तुज्या पोऱ्याचा बूट. आठ दिस घालून म्हशीमागं जाव दे त्याला. आनि बाहेर ठेवू नको, कुत्रा नेल."

ही त्याची रीत. कंपनी नव्या माणसाला बूट देते ते जॉइनिंगच्या सकाळी, गेटवर. धाकूमामा ते आधीच उचलून आणतो. स्टोअरवाला त्यानेच लावलेला, त्यामुळे त्याला नाही कोण म्हणणार? आधी बूट, मग नोकरी. धाकूमामाच्या गावाकडे, वैशाखऱ्याच्या रस्त्याला तुम्हाला अर्धी चड्डी, उघडं अंग आणि पायात लोखंडी टोपीचे चकचकीत बूट असा एखादा पोरगा म्हशींमागे जाताना दिसला, तर समजा पुढच्या सोमवारी त्याचं जॉइनिंग आहे.

मी या प्रकाराला हसत होतो. म्हणजे माझ्यावर वेळ येईपर्यंत हसत होतो.

वेळ आली ती अशी. मॅडमनी मला सांगितलं, चाळीस माणसं हवीत आणि ती तीन महिने टिकली पाहिजेत. माझ्या दोन तुकड्या आधीच पळालेल्या. ही तिसरी पळाली तर त्यांचं काम मुंबईच्या एका एजन्सीकडे जाणार होतं. त्या एजन्सीकडे माणसंसुद्धा नाहीत, नुसतं ॲप आहे. तेच फोन करतं, तेच गोड आवाजात बोलतं, तेच निवडतं. माझ्या ऑफिसला दुसरी एवढी मोठी कंपनी नव्हती. हे काम गेलं असतं तर काचेचा दरवाजा, एसी, सर्टिफिकेट सगळं गुंडाळून मी घरी बसलो असतो, आणि वर सुजाताने माझ्या पायांवरून बोललेलं ऐकलं असतं.

मग मी धाकूमामाची नक्कल केली. लपवत नाही. सरळ नक्कल. मॅडमकडून परवानगी काढली, स्टोअरमधून चाळीस जोड आगाऊ उचलले, गाडीत घातले आणि डोळखांबच्या पाड्यांवर वाटून आलो. प्रत्येक आईला तेच सांगितलं. म्हशीमागे जाऊ द्या, बाहेर ठेवू नका, कुत्रा नेईल. माझ्या तोंडून ते इतकं छान वाटलं की परतताना मी गाडीत गाणं म्हणत होतो.

जॉइनिंगच्या दिवशी गेटवर सात जण आले. त्यातले चार लंगडत होते.

बाकीचे कुठे गेले ते शोधायला मी पुन्हा पाड्यांवर गेलो. एका घरात पोराच्या दोन्ही टाचांना हळद लावलेली. त्याची आई माझ्यावरच उखडली. "सर, तुमी चांगला पोऱ्या लंगडा केलाव. आमाला नाय पायजे तुमची नोकरी." दुसऱ्या घरी पोरगा नाही आणि बूटही नाहीत. तिसऱ्या घरचा एक बूट खरोखरच कुत्र्याने नेला होता. पूर्वी माझी माणसं तिसऱ्या दिवशी पळायची. आता मी अशी सोय केली होती की ती कामाला यायच्या आधीच पळतील.

मॅडम फोनवर फार काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "प्रकाश, पुढच्या महिन्यात एकदा शेवटचं बघू."

त्या दिवशी मला मॅडमचा राग आला नाही, पोरांचा आला नाही. राग आला धाकूमामाचा. तेच बूट, त्याच पाड्यांवरचे पाय, त्याच म्हशी. मग त्याची पोरं का लंगडत नाहीत? हा माणूस काहीतरी लपवतोय, माझी खात्री झाली. त्याने मला अर्धीच रीत दाखवली आणि मी तोंडावर पडताना तो टपरीवर बसून बघत राहिला, असं काहीबाही मनात यायला लागलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी गाडी काढली आणि जाब विचारायला थेट वैशाखऱ्याला गेलो.

त्याचं घर रस्त्यापासून जरा आत आहे. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे भाताचं शेत. मी हाक न मारता पडवीत शिरलो. धाकूमामा एकटाच पाठमोरा चालत होता. पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, वळायचा, परत यायचा. पायात सेफ्टी बूट. चालणं असं की प्रत्येक पावलाला खांदा वर जात होता. भिंतीला ओळीने दहाबारा जोड लावलेले. काही बुटांच्या तोंडातून फडकं बाहेर आलेलं, दोन लहान जोडांत भिजवलेले वाल भरलेले.

"मामा, हे काय चाललंय?"

तो दचकला नाही. चालता चालता म्हणाला, "सहा नंबर. जरा नडतो. माजा पाय सातचा."

मग बसला, बूट काढले आणि मी त्याचे पाय पाहिले. आम्ही दोन वर्षं ओळखतो एकमेकांना. तो माझे पाय पहिल्या मिनिटात बघून बसला होता, आणि मी त्याचे कधी बघितले नव्हते. दोन्ही करंगळ्या आत वळून शेजारच्या बोटाखाली गेलेल्या. टाचांवर जुन्या घट्ट्यांचे थर आणि त्यांवर एक ताजा फोड. त्याने वाटीतलं खोबरेल बोटावर घेतलं आणि आधी बुटाच्या टाचेला चोळलं, मग स्वतःच्या.

"नवा बूट टाचंला धरतो," तो म्हणाला. "एक दिस सकाल-संध्याकाल मी घातला का नरम येतो. मंग पोऱ्याला देयाचा. म्हशीमागं जातो तो नुसता सवय म्हनून. पाच नंबरात माजा पाय जात नाय, मंग त्यात वाल भिजवून भरायचे. वाल फुगतात. आठ नंबर असला तर फडका गुंडालून घालतो."

"आणि हे मला सांगितलं नाहीत?"

"तू इचारला कवा? तू बूट नेलास, बोललो, कराव दे, शिकलेला हाय, करील कायतरी मशीनवर."

एवढे दिवस मी या माणसाच्या गोणीवर जळत होतो, आणि गोणीत काय होतं तर त्याचे फोड.

त्याने चहा ठेवला. पडवीतल्या दांडीवर कपड्यांऐवजी लग्नपत्रिका लटकत होत्या. एका दोरीत ओवलेल्या, शंभरेक तरी असतील. मी चाळायला लागलो. जवळजवळ प्रत्येकीत मुलाच्या नावापुढे कंपनीचं नाव आणि कंसात पर्मनंट. आमच्याकडे आता नोकरी नसलेल्या पोराला मुलगी देत नाहीत, शेती कितीही असो. मी इतकी पोरं कामाला लावली, पण मला आजवर एकही पत्रिका आलेली नाही. माझी पोरं लग्नापर्यंत टिकलीच नाहीत. पुन्हा जळलो, आधीपेक्षा जास्त.

"मामा, तुमचं लग्न?" मी विचारलं. विचारताना त्यात थोडा खवचटपणा होता, खोटं कशाला बोलू?

धाकूमामाने कपात फुंकर मारली. "जमला होता ना. टोकावड्याची होती. मी तवा कल्यानच्या बाजूला कंपनीत लागलो. नोकरी बघून पोर दिली. तिसऱ्या दिशी आलो पलून."

"का?"

"बूट चावला." तो हसला. "दोन्ही टाचा फुटल्या. पन बुटासाठी नोकरी सोडली असा कोनाला सांगायचा? गडी मानूस. मी सांगितला, साहेब शिव्या देतो. तिचा बाप बोलला, ह्याला कोनाचा दोन शबद आयकवत नाय, हा पोरीला काय नांदवील. मोडला."

"खरं सांगायचं होतंत."

"आता सांगतो ना तुला." त्याने दांडीवरची एक पत्रिका बोटाने पुढे ओढली. "हा तिचा पोऱ्या. दोन वर्सं झाली लावून. पाय सातचा, माज्या मापाचा. ह्याचा बूट मी चार दिस घातला."

मी पत्रिका वाचली. वरच्या कोपऱ्यात पेनाने लिहिलेलं, श्री. धाकूमामा, वैशाखरे, सहकुटुंब सहपरिवार. शेजारची पाहिली, तिच्यावरही तेच. मी दोरी सोडून दिली.

चहा पिऊन झाल्यावर त्याने भिंतीजवळून एक भला मोठा जोड उचलून माझ्यासमोर ठेवला. "नऊ नंबर. ह्याला माजा पाय पुरत नाय, कितीबी फडका भर. दोन पोरं हायत नऊची, चार महिने थांबवून ठेवलीत. नऊवाली पोरं तवाबी आडायची, मी तुला पयल्या दिशी बगितला तवाच बोलनार होतो. मंग तू कार्ड दिलास, बोललो, साहेब मानूस हाय, जाव दे."

दोन वर्षं मी त्या एका वाक्यावरून त्याला शिव्या घालत होतो. माझ्या पायात त्याला काही काम दिसलं होतं, एवढंच. घरी येईपर्यंत मी गाडीत गाणं वगैरे म्हटलं नाही.

पुढचा महिना आमच्या घरात कसा गेला ते सुजाताला विचारा. मी ऑफिसात नऊ नंबरचे बूट घालून बसायचो, उमेदवार आला की उठून एसीखाली चार फेऱ्या मारायचो. तीन दिवसांत माझ्या टाचा सोलवटल्या. सुजाता आधी पोट धरून हसली. मग तिने मी धाकूमामाकडून आणलेल्या बुटांतला पाच नंबरचा जोड उचलला आणि तो घालून पोळ्या लाटायला लागली. पाड्यांवरच्या बायकाही आता कंपनीत जातात, आणि वाल भरून बूट रुंद होतो पण टाच नरम होत नाही, हे तिने धाकूमामाला ऐकवलं. त्याने ते मान खाली घालून ऐकून घेतलं. माझं त्याने आजवर काही ऐकलेलं नाही.

मॅडमची चाळीस माणसं आता आम्ही दोघं मिळून जमवत होतो, पण भाताची लावणी संपेपर्यंत त्याने एकालाही कामावर पाठवू दिलं नाही. मॅडमना मीच कसंबसं समजावलं. मग चाळीस जण गेटवर उभे राहिले आणि कोणी लंगडत नव्हतं. मॅडम खूश होत्या, मी खूश होतो. धाकूमामा गेटबाहेर उभा राहून प्रत्येकाची चाल बघत होता. सगळे टिकले असं नाही. सहा जण गेले. तीन महिने झाले तेव्हा मॅडमनी माझं अभिनंदन केलं, काम माझ्याकडेच राहिलं. धाकूमामा मात्र त्या सहांच्या घरी जाऊन आला, कुठे चावलं ते विचारायला.

परवा तो शहापूरला आला. काचेचा दरवाजा त्याला ओढायचा की ढकलायचा हे कधीच कळत नाही, तो बाहेरच उभा राहिला, मी जाऊन उघडला. सुजाताही डबा घेऊन ऑफिसात आलेली होती. नऊ नंबरवाल्या दोघांपैकी किसनचं लग्न ठरलंय. पत्रिका त्याने टेबलावर ठेवली. मी आधी वरचा कोपरा बघितला. श्री. धाकूमामा, वैशाखरे. माझं नाव नव्हतं. माझ्या टाचांची साल गेली त्या पोरासाठी, आणि पत्रिका पुन्हा ह्याच्याच दांडीवर जाणार. माझं तोंड पडलं असणार, कारण सुजाताने कोपर मारलं मला.

"तुलाबी देयाला येतो बोलला रविवारी," धाकूमामा म्हणाला. "पन मी आदीच आलो. माजा दुसरा काम होता."

"बोला."

तो खुर्चीच्या टोकाला बसला. पत्रिकेवरच्या नावाखाली बोट ठेवलं. "हितं सहकुटुंब लिवलाय. सगल्या पत्रिकांवर लिवतात पोरं. मानानं लिवतात. मी आपला एकटाच जातो, अक्षता टाकतो, जेवतो, येतो. सगली जोडीनं बसलेली असतात पंगतीला." त्याने पत्रिका माझ्याकडे सरकवली. "म्हटला ह्या टायमाला तुमी दोगा चला का माज्याकडनं. माज्या घरची म्हनून."

सुजाता लगेच हो म्हणाली. धाकूमामा माझ्या उत्तराची वाट बघत होता, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो माझ्या पायांकडे बघत नव्हता, तोंडाकडे बघत होता.

"येतो की, मामा," मी म्हटलं. "किती वाजता निघायचं?"